चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून सारखे येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, इकडून तिकडून जे प्रश्न फोनवर नाहीतर कुणाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत परत परत विचारले जातात ते सगळे इथं एकत्र टाकलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर नंबर दिलाय, तो बघा. माझं दुकान नाही आणि कुणाचं कमिशनपण नाही, त्यामुळं जे वाटतं ते सरळ लिहिलंय.

१. मेकॅनिकल घड्याळात सेल नसतो म्हणतात, मग ते चालतं कशावर?

स्प्रिंगवर. आत एक डबी असते, तिच्यात पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, तिला मेनस्प्रिंग म्हणतात. चावी दिली की ती आवळली जाते आणि मग उलगडायला बघते, त्या जोरावर चक्रं फिरतात. आता ही स्प्रिंग मोकळी सोडली तर काही सेकंदात सगळी उलगडून काटे भुर्रकन फिरून गप्प बसतील, म्हणून शेवटच्या चक्राला अडवणारा एक छोटा लिव्हर असतो आणि त्याला हलवणारं बॅलन्स नावाचं एक चाक असतं, त्याला केसापेक्षा बारीक हेअरस्प्रिंग लावलेली असते. बॅलन्स एकदा इकडं एकदा तिकडं झुलतं, दर झुल्याला लिव्हर चक्राला थोडंसं पुढं सोडतो आणि परत अडवतो. टिक-टिक ऐकू येतं ते त्या अडवण्याचं. ही लिव्हरची युक्ती थॉमस मज नावाच्या इंग्रज कारागिरानं १७५५ च्या सुमारास काढली आणि थोडेफार बदल होऊन आजपण बहुतेक सगळ्या मेकॅनिकल घड्याळांत तीच आहे.

२. काहींचा सेकंद काटा उडत जातो, काहींचा सरकत जातो. सरकणारा म्हणजे भारी माल काय?

बऱ्याचदा, खरं नेहमी नाही. साध्या क्वार्ट्झचा, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळाचा, काटा सेकंदाला एक उडी मारतो. मेकॅनिकलचा काटापण उड्याच मारतो, फक्त त्या इतक्या बारीक असतात की सरकल्यासारखा दिसतो. जुन्या एचएमटी जनतामध्ये तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला ५. आजच्या बऱ्याच स्विस घड्याळांत २८,८०० म्हणजे सेकंदाला ८, आणि १९६९ सालच्या झेनिथ एल प्रिमेरोमध्ये ३६,००० म्हणजे १०. पण सरकत्या काट्याचं क्वार्ट्झपण मिळतं, आणि मुद्दाम सेकंदाला एकच उडी मारणारं महागडं मेकॅनिकलपण असतंय. ग्रँड सायकोच्या स्प्रिंग ड्राइव्हचा काटा तर खरोखरच न थांबता वाहतो. त्यामुळं नुसता काटा बघून किंमत ठरवू नका.

३. ऑटोमॅटिक घ्यावं का चावीचं?

आतलं यंत्र जवळपास तेच. ऑटोमॅटिकमध्ये एक अर्धगोल वजन फिरतं, त्याला रोटर म्हणतात, हात हलला की स्प्रिंग आपोआप आवळली जाते. मनगटी घड्याळात हे पहिल्यांदा नीट जमवलं ते जॉन हारवूडनं १९२० च्या दशकात, आणि पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सनं १९३१ ला आणला. रोज घालणार असाल तर ऑटोमॅटिक. पातळ घड्याळ आवडत असेल आणि सकाळी चहा व्हायच्या आत ३०-४० वेळा चावी फिरवायचा कंटाळा नसेल तर चावीचं घ्या, त्यात पार्ट कमी, बिघडायला पण कमी. आणि मागून काच असेल तर चावीच्या घड्याळात मशीन (आतलं यंत्र) पूर्ण दिसतं, रोटर आडवा येत नाही. मला स्वतःला चावीचंच आवडतं.

४. पाचशे रुपयाचं सेलचं घड्याळ जास्त बरोबर टाइम दाखवतं म्हणे, मग लाखाचं कशाला?

टाइम बघायलाच पाहिजे असेल तर खरंच कशाला? मोबाईल आहे की. क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, बॅलन्स सेकंदाला ८ झुले घेतं, त्या शर्यतीत बॅलन्स हरणारच. क्वार्ट्झ महिन्याला १५-२० सेकंद चुकतं, चांगलं मेकॅनिकल दिवसाला ५-१०.

खरं जरा उलट बाजूनं बघा. दिवसात ८६,४०० सेकंद. ५ सेकंद चुकलं म्हणजे ९९.९९ टक्क्यांच्या वर बरोबर, आणि हे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक पार्टशिवाय, नुसत्या स्प्रिंग आणि दात्यांवर. २८,८०० चं बॅलन्स वर्षाला २५ कोटींच्या वर ठोके घेतं आणि हे वर्षानुवर्षं चालतं. लोक पैसे देतात ते याला. ज्यांना यात मजा वाटत नाही त्यांनी घेऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

५. डायलवर "क्रोनोमीटर" लिहिलेलं असलं की काय समजायचं?

स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी म्हणून १९७३ पासूनची संस्था आहे, ती घड्याळाचं मशीन १५ दिवस ५ पोझिशनमध्ये आणि ८, २३, ३८ अंशाला तपासते, दिवसाची सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसली तरच सर्टिफिकेट. ओमेगाचं मास्टर क्रोनोमीटर त्याच्या पुढं जातं, ० ते अधिक ५, आणि १५,००० गॉसचं चुंबक लावून तपासतात. रोलेक्स स्वतःच्या फॅक्टरीत अधिक-उणे २ चा दावा करते. क्रोनोमीटर आणि क्रोनोग्राफ एक नव्हे, क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचवालं, त्याचा अचूकपणाशी संबंध नाही.

६. १७ ज्वेल, २१ ज्वेल लिहिलंय, आत माणकं असतात काय? मोडून काही मिळेल?

माणकंच असतात, खरं कारखान्यात बनवलेली. फ्रेंच शास्त्रज्ञ वेर्नोईनं कृत्रिम माणिक बनवायची पद्धत १९०२ ला जाहीर केली तेव्हापासून खाणीतलं कुणी वापरत नाही. चक्राची बारीक टोकं ज्या भोकात फिरतात तिथं हे खडे बसवतात, झीज कमी होते, तेल टिकतं. मोडून चहाचे पण पैसे येणार नाहीत. साध्या तीन काट्यांच्या चावीच्या घड्याळाला १७ पुरेत, ऑटोमॅटिकला २१-२५ लागतात. आकडा मोठा म्हणून घड्याळ भारी असं काही नाही, पूर्वी काही कंपन्या उगीच खडे डकवून आकडा वाढवायच्या.

७. तीस हजारातलंपण ऑटोमॅटिक, तीस लाखातलंपण ऑटोमॅटिक. आत असं काय वेगळं असतंय वो?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा लांब लिहितो. अचूकपणात फरक फार नसतो, कधी कधी स्वस्तातलं टिसॉ किंवा सायको त्या दिवशी जास्त बरोबर चालेल. फरक असतो हातानं केलेल्या कामात.

आतली चक्रं धरून ठेवणारी धातूची पट्टी, जिला ब्रिज म्हणतात, ती सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) कापून येते. स्वस्त घड्याळात ती तशीच बसवतात नाहीतर मशीननं रेघा मारतात. महाग घड्याळात तिच्या प्रत्येक कडेला ४५ अंशाचा उतार काढून तो हातानं, लाकडाच्या काडीवर पॉलिशची पेस्ट लावून, आरशासारखा करतात. आता गंमत इथं आहे. कड बाहेरच्या बाजूला टोकदार असेल तर मशीनला जमेल, पण आतल्या बाजूला वळणारा टोकदार कोपरा मशीननं करून बघा. बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या कुठल्यापण मिलिंगवाल्याला विचारा, गोल फिरणारा कटर आतल्या कोपऱ्यात गोलाई सोडतोच. तो कोपरा धारदार आणि चकचकीत दिसला तर तिथं माणूस बसलाय भिंग लावून, कानस घेऊन. असे आठ-दहा कोपरे एका मशीनमध्ये असले की दिवसच्या दिवस जातात. फिलिप द्युफूर नावाचे स्विस कारागीर याच कामासाठी जगभर मानले जातात.

दुसरं, ब्लॅक पॉलिश. पोलादी पार्ट जस्ताच्या किंवा कथलाच्या प्लेटवर हिऱ्याच्या पेस्टनं इतका सपाट घासतात की एका कोनातून पांढरा दिसतो आणि जरा हलवला की काळाकुट्ट. तिसरं, निळे स्क्रू. भारी घड्याळात ते रंगवलेले नसतात, ३०० अंशाच्या आसपास तापवून आणलेला रंग असतो, एक क्षण जास्त झाला की करडा पडतो आणि स्क्रू फेकून द्यायचा. डायल मीनाकारीचा असेल तर तो ८०० अंशाच्या भट्टीत परत परत घालतात, आणि शेवटच्या फेरीत तडा गेला की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

जिनिव्हाच्या काही घड्याळांवर १८८६ पासून एक सरकारी शिक्का असतो, जिनिव्हा सील, तो या असल्या कामासाठीच.

आता कडू सांगतो. तीस लाखातले सगळे पैसे या कामाला जात नाहीत. नावाला, जाहिरातीला, चकाचक शोरूमच्या भाड्याला पण जातात, आणि काही फार प्रसिद्ध घड्याळं आतून बऱ्यापैकी कारखानी असतात, मजबूत आणि अचूक, पण हातकाम थोडं. म्हणून माझं एकच सांगणं, दुकानात गेलात की डायल नंतर बघा, आधी भिंग मागा आणि मागच्या काचेतून कडा आणि कोपरे बघा. मागं काच नसेल तर त्या मशीनचे फोटो मागा. कशाला पैसे देतोय हे दिसलं पाहिजे.

८. आमचं उद्यमबागला शॉप आहे, मायक्रॉनमध्ये काम करतो. असं मशीन आपल्याकडं का होत नाही?

झालंय की! आपल्याच राज्यात. एचएमटीनं १९६१ ला बेंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली, पुढं तुमकूरला पण फॅक्टरी झाली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, फौजी लोकांचं जवान, सगळी तिथलीच, आपल्याकडं मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालेल्या काकांच्या हातात अजून दिसतात. मग क्वार्ट्झ आलं, टायटन आलं आणि २०१६ ला सरकारनं एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला मंजुरी दिली.

तुमच्या शॉपमध्ये प्लेट, ब्रिज, केस (बाहेरचं कवच), चावी हे सगळं होईल, त्यात शंका नाही. अडतं ते हेअरस्प्रिंगवर. ती वायर तापमान बदललं तरी ताण बदलू देत नाही अशा खास मिश्रधातूची लागते. शार्ल एदुआर्द गियोम यांना निकेल-पोलादाच्या अशा मिश्रधातूंवरच्या कामाबद्दल १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांचे वडील घड्याळजीच होते. आजपण जगातल्या भल्याभल्या कंपन्या हेअरस्प्रिंग स्वतः करत नाहीत, निव्हारॉक्ससारख्या एक-दोन कंपन्यांकडून घेतात. दुसरी अडचण माणसांची. कोपरा घासायला दहा वर्षं शिकलेला पोरगा इथं कोण ठेवणार आणि त्याला पगार कोण देणार?

९. टूर्बियॉन म्हणजे काय आणि त्याला एवढे पैसे का?

बॅलन्स आणि लिव्हर एका छोट्या पिंजऱ्यात बसवून अख्खा पिंजराच फिरवायचा, बहुतेक वेळा मिनिटाला एक फेरी. ब्रेगे नावाच्या घड्याळजीनं याचं पेटंट १८०१ ला घेतलं. तेव्हा घड्याळ खिशात दिवसभर उभं असायचं, त्यामुळं गुरुत्वाकर्षणाची ओढ एकाच बाजूनं पडून चूक साठायची, पिंजरा फिरला की ती चूक सगळ्या बाजूंनी वाटली जायची. मनगटावर हात तसाही हलतच असतो, त्यामुळं आज त्याचा उपयोग मर्यादित. बघायला मात्र डोळे हटत नाहीत. चीनची स्वस्त टूर्बियॉनपण मिळतात आता, म्हणजे टूर्बियॉन आहे म्हणून भारी हा हिशोबपण गेला. कडा बघा, प्रश्न ७.

१०. चंद्र दाखवणारं घड्याळ संकष्टीला उपयोगी पडेल काय?

नाही. चंद्रोदय कॅलेंडरमध्येच बघा. घड्याळ फक्त चंद्राची कला दाखवतं. साध्या घड्याळात ५९ दात्यांची चकती असते, दोन चंद्र काढलेले, म्हणजे एक महिना २९.५ दिवसांचा धरलेला. खरा महिना त्याहून ४४ मिनिटांनी मोठा, त्यामुळं अडीच-पावणेतीन वर्षांत एक दिवसाची चूक साठते. १३५ दात्यांचं असेल तर तीच चूक व्हायला १२२ वर्षं लागतात.

११. वाजवून वेळ सांगणारं मनगटी घड्याळ खरंच असतं?

असतं, मिनिट रिपीटर म्हणतात. बाजूची पट्टी सरकवली की तासाला जाड आवाज, पाव तासाला दोन आवाजांची जोडी, उरलेल्या मिनिटांना बारीक आवाज. सगळ्यात लांब वाजतं ते १२:५९ ला, १२ तास, ३ जोड्या आणि १४ मिनिटं. अंधारात दिवा लावायच्या आधी वेळ कळावी म्हणून ही सोय होती. किंमत विचारू नका.

१२. या स्विस घड्याळांचा आणि आपला काही संबंध आहे का, का नुसतं श्रीमंतांचं खूळ?

संबंध जुना आहे. १७३७ पासूनची फेवर-लुबा १८६५ पासून भारतात विकत होती, आपल्या आज्यापणज्याच्या पिढीत "फेवरलुबा" हे नाव घराघरात होतं. जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो, जे पट्टीवर फिरवून पालथं करता येतं, ते १९३१ चं, भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या काचा फुटत होत्या म्हणून ते काढलं.

१३. "स्विस मेड" म्हणजे सगळं तिथंच बनलेलं?

नाही. मशीन स्विस पाहिजे, जोडणी आणि शेवटची तपासणी तिथं पाहिजे, आणि २०१७ पासूनच्या नियमानं उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला पाहिजे. म्हणजे पट्टा, केस, काच, काटे बाहेरून आलेले असू शकतात. गुन्हा नाही, कायदेशीर आहे. आणि स्विस नाही म्हणून हलकं असंपण नाही, जपान आणि जर्मनीचं काम बघा.

१४. मागं ३० मीटर किंवा ५० मीटर लिहिलंय, पावसात किंवा विहिरीत पोहायला चालेल?

३० मीटर म्हणजे हात धुताना चार थेंब पडले तर हरकत नाही, एवढंच. तो आकडा लॅबमधल्या स्थिर दाबाचा, पोहताना हात आपटतो, उडी मारतो, ते वेगळं. ५० ला पाऊस चालेल, पोहायचं असेल तर १०० आणि शक्यतो स्क्रूनं बंद होणारी चावी, डायव्हर (पाण्याखाली बुडी मारायचं घड्याळ) घ्यायचं तर २००. पण हे सगळं रबराच्या रिंगा नव्या असताना. दोन-तीन वर्षांनी रिंगा कडक होतात, मग मागं काहीपण लिहिलेलं असू दे.

१५. पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते. तांदळात ठेवू काय?

नको. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं घड्याळाचं काय सांगायचं. आत वाफ आली म्हणजे रिंग गेली, आणि पाणी आत असेपर्यंत पोलादी पार्ट आणि काट्यांना गंज धरत राहतो. उन्हात ठेवू नका, ड्रायर मारू नका. चावी ओढून घड्याळ बंद करायच्या नादालापण लागू नका, त्यातून अजून ओल आत जाते. दोन-तीन दिवसांच्या आत उघडून वाळवून घ्या. चामड्याचा पट्टा जूनला काढून ठेवायचा आणि दसऱ्याला परत लावायचा, तोवर रबर नाहीतर स्टीलची चेन.

१६. चांगलं चाललं होतं, अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढं जायला लागलंय. मशीन गेलं काय?

बहुतेक चुंबक लागलंय. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ पळत सुटतं. स्पीकर, मोबाईलच्या मागची चुंबकवाली कव्हरं, पर्सचं बटण, इंडक्शनची शेगडी, आणि आपल्याकडं खास म्हणजे ग्राइंडिंग मशीनचा मॅग्नेटिक चक आणि वेल्डिंगचं मशीन. शॉप फ्लोअरवर जाताना घड्याळ काढून ठेवा. तपासायला मोबाईलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ न्या, सुई जोरात हलली तर तेच. घड्याळजीकडं चुंबक उतरवायचा डिमॅग्नेटायझर असतो, मिनिटभराचं काम. नव्या घड्याळांत सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असेल तर हा त्रास जवळपास नसतोच.

१७. सर्व्हिस किती वर्षांनी? आणि बेळगावात करावी का बेंगळुरूला पाठवावी?

साधारण ५ वर्षं. तेल वाळतं, मग खडे आणि टोकं एकमेकांना खातात, आणि घड्याळ चालू असतं म्हणून कळत नाही. पूर्ण सर्व्हिस म्हणजे सगळं सुटं करून, धुऊन, परत तेल घालून जोडणं. मागचं झाकण उघडून पिचकारीनं तेल मारलं ती सर्व्हिस नव्हे.

घड्याळ घ्यायच्या आधीच विचारायचा प्रश्न खरा हाच आहे आणि तोच कुणी विचारत नाही. एचएमटी, जुनं सायको, सिटिझन, टिसॉमधलं साधं मशीन असेल तर खडेबाजारात, गणपत गल्लीत नाहीतर कॅम्पात ज्यांचे केस या कामात पांढरे झालेत अशा घड्याळजीकडं बिनधास्त द्या, फक्त सुटे भाग ओरिजिनल घालणार का ते विचारा आणि काढलेला पार्ट परत मागा. मोठ्या स्विस ब्रँडची, त्यातून क्रोनोग्राफ किंवा कॅलेंडरवाली, कंपनीच्याच सेंटरला जाऊ देत. बहुतेकांची कामं मुंबई, बेंगळुरू, दिल्लीला होतात, कधी कधी स्वित्झर्लंडला जातं आणि सहा महिने लागतात. खर्च दहा-हजारांच्या पटीत. महागडं घ्यायचं बजेट काढताना दर ५ वर्षांचा हा खर्च त्यात धरा, नाहीतर कपाटात बंद पडलेलं लाखाचं घड्याळ ठेवायची पाळी येते. अशी घरं मला माहीत आहेत.

१८. आजोबांचं चावीचं घड्याळ पेटीत सापडलं. चावी देऊन बघू काय?

चार-पाच फेऱ्या हळू दिल्या तर चालतंय, पण चाललं म्हणून रोज घालू नका, आतलं तेल डिंक झालेलं असणार, आधी प्रश्न १७. डायल नवा करून घेऊ नका. डाग पडलेला ओरिजिनल डायल रंगवलेल्या नव्या डायलपेक्षा केव्हाही चांगला. आणि एक, १९६० च्या आधीचं असून काट्यांवर पिवळट-तपकिरी रंग भरलेला असेल तर तो रेडियमचा असू शकतो, घरी उघडून खरवडायला जाऊ नका, पोरांच्या हातात तर अजिबात नको.

१९. ऑनलाइन जुनं एचएमटी लाल, निळ्या, हिरव्या झगझगीत डायलचं मिळतंय, नव्यासारखं. घेऊ?

नव्यासारखं दिसतं कारण डायल परवा छापलाय. मशीन एका घड्याळाचं, केस दुसऱ्याचं, डायल तिसराच. आवडलं तर हजार-दीड हजाराला घाला खुशाल, खरं "व्हिंटेज ओरिजिनल" म्हणून जास्त पैसे मोजू नका. अक्षरं जाड-बारीक झालेली, मिनिटाच्या रेघा वाकड्या, डायलच्या रंगाला पेंटसारखी चकाकी, एवढं बघितलं तरी ओळखू येतं.

२०. फर्स्ट कॉपी घेतली तर काय बिघडतं? बघणाऱ्याला कुठं कळतंय?

बघणाऱ्यासाठीच घ्यायचं असेल तर मग मी काय बोलू. पण बंद पडली की चांगला घड्याळजी हात लावत नाही, कंपनीचं सेंटर तर नाहीच, आणि खोटा ट्रेडमार्क विकणं गुन्हा आहे. त्याच पैशात खरं सायको किंवा सिटिझनचं ऑटोमॅटिक येतं.

२१. तारीख रात्री बदलू नये म्हणतात, खरं काय?

खरं आहे. साधारण रात्री ९ ते पहाटे ३ तारखेचे दाते गुंतलेले असतात, त्या वेळात झटपट बदललं तर दाता तुटू शकतो. काटे खाली ६ वर आणा, तारीख बदला, मग वेळ लावा. काही नव्या मशीनमध्ये ही भीती नसते, पण सवय लावून घेतलेली बरी.

२२. रोज घालतो तरी ऑटोमॅटिक सकाळी बंद पडलेलं असतं.

दिवसभर टेबलावर कीबोर्ड बडवत असाल तर मनगट हलत नाही, स्प्रिंग पूर्ण भरत नाही. बंद पडलं की आधी चावीनं ३० फेऱ्या द्या, मग घाला. तरी ३८-४० तास टिकत नसेल तर सर्व्हिस. घड्याळ आपोआप फिरवत ठेवणारा डबा मिळतो तो एका घड्याळाला कशाला पाहिजे, पर्पेच्युअल कॅलेंडरचं (प्रश्न २४) असेल तर गोष्ट वेगळी.

२३. हातात असताना मागं पडतं आणि रात्री काढून ठेवलं की पुढं जातं. हे काय?

हे बिघाड नव्हे. आडवं, उभं, चावी वर, चावी खाली, प्रत्येक पोझिशनला बॅलन्सची गती जराशी वेगळी असते. याचाच फायदा घ्या. आठवडाभर रोज रात्री वेगळ्या तऱ्हेनं ठेवून बघा आणि लिहून काढा, दिवसभरात जेवढं मागं पडतं तेवढंच जी पोझिशन रात्रीत पुढं नेते त्या पोझिशनला ठेवायचं. डायल वर ठेवलं की बहुतेक घड्याळं थोडी पुढं जातात. दोन पोझिशनमध्ये २०-३० सेकंदांचा फरक असेल तर मात्र दाखवून घ्या.

२४. पर्पेच्युअल कॅलेंडरचं घड्याळ बंद पडलं तर? आणि सोन्याचं घड्याळ शहापूरच्या सराफाकडं मोडता येतं काय? आणि दुबईहून आणलं तर?

तिन्ही एकाच माणसानं विचारलंय, म्हणून एकत्रच.

सोनं: घड्याळाचं सोनं बहुतेक १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के, दागिन्यासारखं २२ नाही. मोडून वजनाचेच पैसे मिळतील आणि केस तेवढी जड नसते, मशीन आणि नावाची किंमत सगळी जाईल. विकायचं तर घड्याळ म्हणून विका, डबा-कागद जपून ठेवलेले असले तर बराच फरक पडतो. गुंतवणूक म्हणून मात्र घेऊ नका, दोन-तीन ब्रँडची मोजकी मॉडेलं सोडली तर दुकानाबाहेर पडल्या पडल्या किंमत उतरते.

दुबई: आणा, पण विमानतळावर रेड चॅनेलला (कस्टमच्या रांगेत) सांगा आणि ड्युटी भरा. फुकट आणायची मर्यादा अशा घड्याळाच्या मानानं अगदी किरकोळ आहे. हातात घालून आलो म्हणजे सुटलो असं होत नाही. इथं घेतलं तर २ लाखांच्या वर पॅन लागतं, तेवढी रोख दुकानदाराला घेताच येत नाही, आणि १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएस (दुकानदार बिलातच घेतो तो कर) २२ एप्रिल २०२५ पासून लागू झालाय, तो रिटर्नमध्ये वळता होतो. स्विस घड्याळांची ड्युटी १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या करारानं टप्प्याटप्प्यानं कमी व्हायची आहे, घाई नसेल तर हे ध्यानात ठेवा.

पर्पेच्युअल: हे घड्याळ ३०-३१ आणि लीप वर्षाचा फेब्रुवारी स्वतः ओळखतं, चालू राहिलं तर २८ फेब्रुवारी २१०० पर्यंत हात लावायला नको, कारण २१०० लीप वर्ष नाही आणि घड्याळाला ते कळत नाही. पण बंद पडून दोन-चार महिने गेले तर तारीख, वार, महिना, चंद्र, लीप वर्ष सगळं बाजूच्या बारीक बटणांनी एकेक पुढं आणावं लागतं, आणि तेपण प्रश्न २१ मधली वेळ टाळून. बऱ्याच मॉडेलमध्ये मागं आणताच येत नाही. हात घसरून एक दिवस पुढं गेलात तर घड्याळ बंद करून ठेवायचं आणि खरी तारीख तिथं आली की परत चालू करायचं. महिना किंवा वर्ष चुकून पुढं ढकलला असेल तर मात्र ते सरळ सेंटरला पाठवा.